काट्याला दोन किलोंची खोड

आमच्या विमानतळाला भिंती नाहीत.
गवताची एक पट्टी, थेट समुद्रात संपणारी,
पत्र्याचं छप्पर, आणि हा काटा,
खोबऱ्याच्या गोदामातून उचलून आणलेला.
विमान यायच्या आधी मी गाई हाकलतो,
मग माणसं तोलतो.

इथे तिकिटापेक्षा वजन मोठं.
माणूस, त्याची पिशवी, पिशवीतली कोनफळं,
कोंबडी असेल तर कोंबडी,
सगळं एका वहीत, पेन्सिलीने.
पायलट म्हणजे पोर आहे, ऑकलंडकडचं,
बेरीज बघतं आणि नुसतं डोळ्यांनी सांगतं:
कुणीतरी उतरा.

कुणी, ते मी ठरवतो.
एकोणीस वर्षं ठरवतोय.
परीक्षेला निघालेली मुलं नाही, दिवस भरलेली बाई नाही.
पाळकही कधी उतरला नाही, हे कबूल.
उतरतात ती कोनफळं.
ती मागाहून बोटीने जातात. बोट गुरुवारी येते.
कुठल्या गुरुवारी, ते विचारायचं नसतं.

काटा दोन किलो जास्त दाखवतो.
हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.
वादळात छप्पर उडालं तेव्हा तो चिखलात सापडला,
धुतला, पुसला, उभा केला,
तरी दोनच किलो जास्त. खोड जात नाही.
नऊ माणसं, अठरा किलो:
एवढी जागा मी रोज आभाळात चोरून ठेवतो,
कुणाच्या तरी चटयांसाठी,
कुणाच्या तरी पोराच्या शाळेच्या बुटांसाठी.

मार्चमध्ये लेइसोंगी आली.
दवाखान्याचा कागद छातीशी खोचलेला, चपला नव्या.
काट्यावर चढताना म्हणाली, तोंड फिरव, कालतक,
बाईचा आकडा बघू नये.
एकसष्ट.
मी एकोणसाठ लिहिलं.
खिडकीतून तिने हात हलवला नाही,
पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

परत यायला विमानाचे पैसे उरले नाहीत.
व्हिलाच्या धक्क्यावरून ‘टिना रोझ’वर चढली,
डेकवर, सिमेंटच्या गोण्यांना टेकून, दोन रात्री.
तिसऱ्या सकाळी आम्ही किनाऱ्यावर,
तिचा नातू मासोए झाडावर.
बोट आली. थोडा वेळ थांबलीही.
पण लाट अशी, की होडी खाली सोडता येईना.
कप्तानाने दोनदा भोंगा दिला,
माफी मागितल्यासारखा,
आणि नाक फिरवलं.

आम्ही बघतोय, ती बघतेय.
तिला तिच्या चुलीचा धूर दिसला म्हणे,
आणि दोरीवर निळी चादर, तिची,
तिने न वाळत घातलेली.
मग घरच मागे मागे गेलं.

पुढचं बेट. त्याच्या पुढचं बेट.
तिथे कुणी जेवू घातलं, कुणी अंथरूण दिलं,
ओळखीतून ओळख निघाली, इथे निघतेच.
सहाव्या दिवशी ती उलट्या बाजूने आली,
मासेमाऱ्यांच्या होडीतून, कमरेपर्यंत भिजलेली,
चपला डोक्यावर.

आधी घरी नाही गेली.
छपराखाली आली, काट्यावर उभी राहिली.
लिही, म्हणाली. खरं लिही.

पंचावन्न.

पेन्सिल हातात घेऊन मी थांबलो.
दोन वजा करायचे असतात, नेहमीच करतो,
आज करवेना.
पंचावन्नच लिहिलं आणि वही मिटली.

चादर कुणी धुतली रे माझी, म्हणाली,
आणि चढाला लागली,
वाटेतल्या गाईला
हाताने बाजूला सारत.